सडा राखायचा ठरला तेव्हा

सातबाऱ्यावर आमच्या वाट्याच्या सड्याची नोंद ‘पोटखराब’ अशी आहे, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. राजापूर तालुक्यात असे सडे गावोगाव आहेत. खाली भातखाचरं, उतारावर वाडी, आणि डोक्यावर जांभ्याचा सपाट काळपट कातळ. एप्रिल-मेमध्ये त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. सासऱ्यांच्या पश्चात जमिनीची बोलणी निघाली तेव्हा घरात दोनच पर्याय मांडले गेले: आंब्याची कलमं, नाहीतर चिरेखाण. भावोजींनी खाणवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं.

आंब्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. माझ्या नवऱ्याचं आणि दिरांचं शिक्षण खालच्या कलमांवरच झालं. 1990 साली राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि कोकणात हापूस झपाट्याने पसरला. आधी वरकस उतार भरले, मग नजर सड्यांकडे वळली. पण सड्यावर कलम लावायचं म्हणजे कातळात सुरुंग लावून खड्डा फोडायचा, त्यात दुसरीकडून आणलेली माती भरायची, बाजूचे सुटे दगड गोळा करून गडगे घालायचे. एकदा हे झालं की त्या जागी सडा उरत नाही. चिरेखाण तर कातळच कापून नेते.

मी माहेरची घाटावरची. लग्न होऊन आले तेव्हा मलाही सडा म्हणजे उजाड माळच वाटला होता. पहिल्या पावसानंतर म्हशी शोधायला सासूबाईंबरोबर वर गेले आणि कातळाच्या भेगांमधून हातभर उंच दांडे उभे राहिलेले पाहिले. दांड्यावर पांढरीशुभ्र, नळीसारखी फुलं. सासूबाईंना त्यांचं नाव माहीत नव्हतं, पण “ही आली की पेरण्या उरकायच्या,” एवढं त्या म्हणाल्या. खूप पुढे कळलं की ती दीपकाडी. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे: डिपकाडी कोंकनेन्से. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची पहिली नोंद केली. कोकण आणि गोव्याच्या सड्यांबाहेर ती जगात कुठेही आपणहून उगवत नाही. हे समजल्यावर खाणवाल्याला माझ्याच्याने हो म्हणवेना.

भावोजींकडून मी एका पावसाळ्याची मुदत मागून घेतली. “एवढा पावसाळा जाऊ द्या, तिथे काय काय आहे ते लिहून आणते, मग तुम्ही ठरवा.” त्यांनी मान्य केलं.

लिहून काढायचं म्हणजे नुसती नावांची यादी करायची नव्हती. सडा वरून सपाट दिसला तरी आत त्याचे खूप भाग आहेत. काही खोलगटांत बोटभर मातीही साचत नाही. काहींत वीतभर साचते. कुठे पावसाचं पाणी महिनाभर तळं होऊन राहतं, कुठे कातळावरून पातळ झिरपा सतत वाहत असतो. भेगा आहेत, सुटे दगड आहेत, आणि कडेला करवंद, अंजनी, रामेठा यांची झुडपं आहेत. या प्रत्येक ठिकाणची वनस्पती निराळी. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या सड्यांवर आणि पठारांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या लेखनातून मला कळलं की सडा पाहायचा तो असा, तुकड्या-तुकड्यांनी. मग मी वहीत सड्याचा कच्चा नकाशा काढला, तळी, झिरपे, भेगा खुणांनी दाखवल्या आणि दर आठवड्याला त्याच वाटेने फिरायचं ठरवलं.

मृगाचा पाऊस लागला तशी आधी दीपकाडी आली. तिच्या मागोमाग कडेच्या मातीत चवर, म्हणजे रानहळद, जमिनीलगत फुलली. फोडशीचे कोंब निघाले आणि वाडीतल्या बायका भाजीला ते खुडून घेऊन गेल्या. जुलैत पावसाने उसंत दिली नाही. तेव्हा फुलं थोडी होती, पण भुईआमरी गवतातून डोकं काढायला लागली होती. तिची पानं जमिनीला चिकटलेली असतात, पाय पडला तरी कळत नाही. कळलावीचे वेल करवंदीच्या जाळ्यांवर चढले. पानाच्या टोकाचीच ताणी होते आणि ती काटकी धरून वर जाते. ही ताणी कशी आवळत जाते ते पाहत मी एकदा बराच वेळ भिजत उभी होते.

खरी गर्दी श्रावण-भाद्रपदात झाली. झिरप्यांवर सीतेची आसवं इतकी दाट की कातळ जांभळा दिसायला लागला. त्यांच्यात गेंदाची पांढरी बोंडं. कातळावर अन्नद्रव्यं जवळजवळ नसतात, पावसाने सगळं धुऊन गेलेलं असतं. म्हणून सीतेच्या आसवांना मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट केसांनी चिलटं धरते. गरिबीतच जगणाऱ्या वनस्पती आहेत या. त्यांना खत मिळालं तर त्यांचा फायदा होत नाही, कारण खतावर गवत आणि तण त्यांच्याआधी वाढतं आणि त्यांना झाकून टाकतं. पुढे सगळी कामं करताना हीच गोष्ट मला सतत लक्षात ठेवावी लागली.

गेंदाच्या जाती ओळखणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी बोंडातलं इवलंसं फूल भिंगाखाली उलगडावं लागतं. त्यातल्या एका जातीला रत्नागिरीचंच नाव आहे, एरिओकॉलॉन रत्नागिरिकम. गणपतीच्या सुट्टीत वनस्पतिशास्त्र शिकणारी भाचेसून आली होती, तिने काही जाती ओळखून दिल्या. बाकीच्या ‘गेंद, मोठा’, ‘गेंद, तळ्यातला’ अशा नोंदवल्या आहेत. त्या तशाच राहिल्या तरी माझं काही अडत नाही. त्या कुठे येतात आणि कधी येतात, हे माझ्याकडे आहे.

संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले म्हणून तुतारी दिसली. लांब नाजूक नळीचं पांढरं फूल, अंधार पडता पडता उमलणारं. दिवसा गेलेल्याला ती कोमेजलेलीच भेटते. तिची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना जोडून घेतात आणि तिथून अन्न ओढतात. तिला उपटून कुंडीत लावलं तर ती जगणार कशी? गवत, कातळ, पाणी हे सगळं तिच्याबरोबर न्यावं लागेल.

माझ्या वहीत नसलेलं बरंचसं धनगरवाडीतल्या आजोबांकडून मिळालं. आयुष्यभर त्यांनी याच सड्यावर गुरं राखली. कुठलं तळं आधी आटतं, कुठल्या खोलगटात गुरं तोंड घालत नाहीत, फुरसं कुठल्या दगडाखाली असतं, सगळं त्यांना ठाऊक. “दगड उलटायचे नाहीत, सूनबाई. त्याच्याखाली त्याचं घर असतं,” हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. ते सापासाठी म्हणाले, पण त्याच दगडांच्या आडोशाला बेडूक, विंचू आणि कितीतरी बारीक रोपटी असतात. आजोबांचं दुसरं म्हणणं असं की गुरं बंद करू नका. “गुरं गेली की गवत माजतं, आणि गवत माजलं की वणवा लागतो.”

त्यांचं हे म्हणणं मी मनावर घेतलं, त्याला कास पठार कारण होतं. साताऱ्याजवळचं कास 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. पर्यटकांच्या पायांखाली फुलं तुडवली जायला लागली म्हणून तिथे जाळीचं कुंपण घातलं गेलं. त्यामुळे गुरांची चराईही थांबली. मग गवत वाढून फुलं दबल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि पुढे ती जाळी काढण्यात आली. कासची उंची वेगळी, माती वेगळी, तिथली फुलंही बरीचशी वेगळी. तरी माळरान म्हटलं की त्यात चरणारी गुरं आणि गवत कापणारी माणसं धरावीच लागतात, हे मला पटलं.

दिवाळीत वही घेऊन घरच्यांसमोर बसले. फुलांवर मी फार बोलले नाही. भावोजींना मी नकाशातली तळी दाखवली आणि आमच्या विहिरीचा विषय काढला. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून आत मुरतं आणि उताराखाली झऱ्यांना, विहिरींना येतं. वर खाण पडली तर या पाण्याची वाट बदलणार. आमच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं, वाडीतली सगळी घरं तिथून भरतात. भावोजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खाण नको. कलमांचं पुढे बघू.” ‘पुढे बघू’ अजून पुढेच आहे. अधूनमधून तो विषय निघतो, आणि दरवेळी मी नवी वही घेऊन बसते.

राखायचं ठरलं तशी कामं सुरू झाली, आणि ती आजही दरवर्षी तीच असतात. पहिलं काम वणव्याचं. गवत वाळल्यावर कुणीतरी काडी टाकतं, कुणी शिकारीसाठी, कुणी नुसतंच. दिवाळीनंतर आम्ही गवत कापून घेतो आणि सड्याच्या कडेने, बागेच्या बाजूला, गवत खरवडून जाळरेषा काढतो. वाडीतल्या बायका कापलेलं गवत गुरांसाठी नेतात. त्याचे पैसे घेत नाही, अट एकच: कापणी सप्टेंबरात करायची नाही. तोवर बी पडलेलं नसतं. पंधरा-वीस दिवस थांबलं की गेंद, तेरडा, सीतेची आसवं यांचं बी जमिनीत गेलेलं असतं.

दुसरं काम गाड्यांचं. सड्यावर गाडी नेणं सोपं असतं, सपाटच तर आहे. बाजूच्या गावांतल्या कातळशिल्पांची चर्चा व्हायला लागली तशी माणसंही वाढली. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी इथली शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे फार चांगलं झालं. आमच्या सड्यावर शिल्प नाही, पण लोक गाडी घेऊन येतात. झिरप्यावरून एकदा चाक गेलं की मातीचा तो पातळ थर सुटतो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. वाटेच्या तोंडाशी पडलेला जुना गडगा आम्ही पुन्हा रचला. दगड त्याच गडग्याचे, सड्यावरचे सुटे दगड उचलले नाहीत. गुरं आणि माणसं जातील एवढं खिंडार ठेवलं आहे.

तिसरं काम आलेल्या झाडांचं. सड्याच्या एका टोकाला कुणीतरी फार पूर्वी लावलेला ऑस्ट्रेलियन आकेशिया आहे. त्याच्या वाळलेल्या पानांचा खच पडतो, लवकर कुजत नाही, आणि त्याखाली काही उगवत नाही. त्याची नवी रोपं पावसाळ्यात ओल्या मातीतून हाताने उपटतो. रानमोडी फुलण्याआधी कापतो, तिचं बी वाऱ्यावर जातं. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या मंडळाचा निरोप येतो, तुमच्या माळावर झाडं लावायची आहेत. मी त्यांना चहा देते, सडा दाखवते आणि झाडं गावच्या शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला लावा म्हणते. रोपं हवी असतील तर माझ्याकडे आहेत: सुरंगी, बकुळ, अंजनी, शिवण. कातळ उघडा आहे म्हणून तो भरायला हवा, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. ती दूर करायला भाद्रपदातली एक फेरी जेवढी उपयोगी पडते तेवढं माझं बोलणं पडत नाही.

आता लावणीबद्दल. ‘तुम्ही ही फुलं घरी लावता का?’ असं सगळेच विचारतात. बहुतेकांचं उत्तर नाही असंच आहे. तुतारीचं सांगितलं. भुईआमरीचं बी धुळीएवढं असतं, त्यात स्वतःची शिदोरी नसते. जमिनीतली बुरशी भेटल्याशिवाय ते रुजत नाही. कंद उकरून आणला तर एखादं वर्ष फुलतो आणि मरतो. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू यांना वाहतं, निकस पाणी लागतं. यांना राखायचं तर सडाच राखायला हवा.

दीपकाडीला मात्र बी चांगलं धरतं. फुलं गेल्यावर तीन कप्प्यांची बोंडं येतात, तडकायला आली की आत काळं, चपटं बी दिसतं. रानडुकरं आणि साळिंदरं तिचे कांदे उकरतात, काही वर्षी भेगाच्या भेगा रिकाम्या होतात. म्हणून मी थोडं बी घरी रुजवते. नियम असा की दहा दांड्यांमागे एकाचंच बी घ्यायचं, आणि कांद्याला हात लावायचा नाही. परसात जुनी दगडी डोण आहे, गुरांना पाणी पाजायची. तिला तळाशी भोक आहे. त्यात चिऱ्यांच्या कामातून उरलेला जांभ्याचा चुरा भरला आणि वर गटारात वाहून आलेली बारीक लाल माती पसरली. सड्यावरची माती आणली नाही, तिथेच ती बोटभर आहे. शेणखत घातलं नाही.

बी पेरलं ते आगोटीला, पहिल्या पावसाच्या सुमारास. उगवलं ते गवताच्या पात्यासारखं, इतकं बारीक की सासूबाईंनी तण म्हणून उपटायला हात घातला होता. पाऊस संपल्यावर पान पिवळं पडून नाहीसं झालं. इथेच माणसं घाबरतात आणि पाणी घालायला लागतात. पाणी घालायचं नाही. ऑक्टोबर ते मे डोण कोरडी ठणठणीत ठेवायची, सड्यावर असते तशी. त्या दिवसांत पाणी मिळालं की कांदा कुजतो. पुढच्या मृगात पान पुन्हा वर आलं, थोडं रुंद. असे काही पावसाळे पान एवढंच वाढत राहतं, फूल दिसत नाही. मग एका जूनमध्ये डोणीतल्या दोन रोपांना दांडे आले. नातवाने आधी पाहिले. शाळेत जायच्या घाईत तो ओरडत आत आला, आणि घरातले सगळे, भावोजीसुद्धा, भर पावसात परसात जमले.

डोणीत वाढलेले कांदे आता डुकरांनी रिकाम्या केलेल्या भेगांमध्ये परत लावते. त्याच भेगांमध्ये, कारण बी तिथलंच होतं. लावल्यावर वर दोन-तीन दगड अडकवून ठेवते, म्हणजे डुकराचं नाक आत शिरत नाही.

कळलावी लावायचं कारण वेगळं. गौरीला तेरडा आणि कळलावीची फुलं लागतात. तेरड्याची काळजी नाही, तो एका वर्षाचा, बी टाकून मोकळा होतो, आणि खुडला तरी पुढच्या साली तितकाच येतो. कळलावी ओढली की कंदासकट येते. म्हणून परसातल्या कुंपणावर मी तिचे वेल चढवले आहेत. बी लाल सालीचं, रुजायला फार वेळ घेणारं. पहिल्या पावसात आलं नाही म्हणून जागा मोडायची नसते, दुसऱ्या पावसातही ते उगवतं. कंद आणि बी दोन्ही विषारी, त्यामुळे पोरांच्या हाती पडू देत नाही, आणि कंद हाताळल्यावर हात साबणाने धुते. गौरीच्या आदल्या दिवशी वाडीतल्या बायका येऊन कात्रीने फुलं नेतात. सड्यावरच्या जाळ्यांवरचे वेल त्यामुळे राहतात.

आमच्या वह्या आता ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी उतरवून घेण्याचं काम चाललं आहे. जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्याखाली गावाने समिती नेमायची आणि आपल्या हद्दीतल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांबद्दलची माहिती नोंदवायची असते. धनगरवाडीतल्या आजोबांनी सांगितलेलं सगळं त्यात त्यांच्या नावाने जावं, असा आग्रह मी धरला आहे. ते तयार आहेत. फक्त फुरशांच्या जागा लिहायच्या नाहीत म्हणतात, लोक मारायला जातील.

यंदा पलीकडच्या गावातून दोन घरांनी दीपकाडीचं बी मागितलं आहे. त्यांचाही सडा आहे. बी मी दिलेलं नाही. आधी मृगाच्या पावसात त्यांच्याच कातळावर फिरून या, भेगांमध्ये पाहा, म्हणून सांगितलं आहे. ती तिथे असेल तर तिथलंच बी रुजवायला मी शिकवीन, डोण भरून देईन. एकाच्या सड्यावर आकेशियाची लागवड आहे, त्याला पहिल्या पावसानंतर रोपं उपटायला माणसं लागतील. आमच्या वाडीतून चार बायका यायला तयार आहेत, दिवस ठरायचा आहे.